कुंपणाबाहेरची शेकोटी

रास अल खोरला पक्षी पाहायच्या आडोशात बसलं की समोर फ्लेमिंगो आणि मागे बुर्ज खलिफा दिसतो. पक्ष्यांना शांतता मिळावी म्हणून इथे कुंपण आहे. ते बघताना मला न्यूबरी आठवतं. गेल्या उन्हाळ्यात नणंदेकडे गेले, तेव्हा तिने ग्रीनहॅम कॉमन दाखवलं.

तिथल्या हवाई तळावर अमेरिकेची ९६ अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं येणार म्हणून १९८१ मध्ये काही बायका कार्डिफहून चालत आल्या आणि कुंपणाबाहेर राहिल्या. छावणी १९ वर्षं टिकली. डिसेंबर १९८२ मध्ये ३०,००० जणींनी हातात हात धरून तळाला वेढा घातला, तारांवर लेकरांचे कपडे अडकवले.

याचं स्मारक कसं करायचं? आपल्याला आधी पुतळा सुचतो. तिथे २००२ मध्ये लहानशी बाग झाली: वेल्समधल्या सात उभ्या शिळा आणि मधे छावणीच्या शेकोटीची ज्योत. स्मारकात चूल! मला मृणालताई-अहिल्याताईंचा लाटणं मोर्चा आठवला.

पण माझ्या मते खरं स्मारक बागेबाहेर आहे. कुंपण काढलं, धावपट्टी फोडली, माळ पुन्हा सर्वांचा झाला. आता तिथे गुरं चरतात, पक्षी जमिनीवर घरटी करतात. क्षेपणास्त्रांची मातीने झाकलेली कोठारं मात्र ऐतिहासिक वास्तू म्हणून जपलीत, कुंपणाआड. बागेपेक्षा तीच आधी नजरेत भरतात, हे मला अजून खटकतं.