टॉम हॉलंड: जाळं फेकण्याआधीची दहा वर्षं

मार्च 2023 च्या अखेरीस वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्राच्या उद्घाटनासाठी टॉम हॉलंड अभिनेत्री झेंडायासोबत मुंबईत आला. पाहुण्यांची यादी लांबलचक होती, पण शाळकरी पोरांच्या लेखी आला तो एकटा स्पायडरमॅन. या मुलाबद्दल जे काही ऐकायला मिळतं त्यात एक सूर कायम असतो: नशीबवान आहे, एका रात्रीत स्टार झाला. नशीब होतं हे मान्य. फक्त ते लोक समजतात त्या ठिकाणी नव्हतं.

पहिला संशय वशिल्याचा. वडील डॉमिनिक हॉलंड हे विनोदी कलाकार आणि लेखक, म्हणजे पोरासाठी दारं आपोआप उघडली असणार, असा हिशेब आपल्याकडे चटकन मांडला जातो. 1993 मध्ये डॉमिनिकना एडिंबरा महोत्सवात सर्वोत्तम नवोदित विनोदवीराचा पेरिए पुरस्कार मिळाला होता, हे खरं. पण ते एकट्याने माइकसमोर उभं राहून लोकांना हसवणारे. हॉलीवूडमध्ये त्यांचं स्वतःचंच बस्तान कधी बसलं नाही, तर मुलासाठी शब्द कुठे टाकणार? उलट मुलगा आपल्याला कसा झाकोळून गेला यावर त्यांनी ‘एक्लिप्स्ड’ नावाचं पुस्तकच लिहिलं. तरी घर खाऊनपिऊन सुखी होतं, आई छायाचित्रकार, मुलाला खासगी शाळेत घालण्याची ऐपत. हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. वशिला मात्र वेगळी गोष्ट.

टॉमचा जन्म 1 जून 1996 चा, लंडनच्या नैर्ऋत्येला किंग्स्टन अपॉन टेम्सचा. पाठीवर तीन भाऊ, त्यातले दोघे जुळे. सातव्या वर्षी डिस्लेक्सिया असल्याचं निदान झालं. अभिनयाच्या शाळेत घडलेला मुलगा, अशी त्याची ओळख करून दिली जाते, तीही उलटीच आहे. क्रॉयडनच्या ब्रिट स्कूलमध्ये तो गेला खरा, पण नंतर. तोवर लंडनच्या रंगमंचावरची दोन वर्षं आणि एक मोठा सिनेमा त्याच्या खात्यावर जमा होता.

सुरुवात झाली पायांपासून. गाणं लागलं की हा ठेका धरतो हे आईने हेरलं आणि त्याला विम्बल्डनच्या एका डान्स क्लासमध्ये हिप-हॉप शिकायला घातलं. 2006 च्या रिचमंड नृत्य महोत्सवात तो क्लासच्या मुलांबरोबर नाचला आणि नृत्यदिग्दर्शिका लिन पेज यांच्या नजरेत भरला. ‘बिली इलियट’ या संगीतिकेचे नृत्यदिग्दर्शक पीटर डार्लिंग यांच्या त्या सहकारी. नशीब म्हणायचं तर ते इथे.

पण नजरेत भरणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं. हिप-हॉप येणाऱ्या मुलाला बॅले ओ की ठो येत नव्हतं. पुढची दोन वर्षं बॅले, टॅप, कसरती आणि पुन्हापुन्हा चाचण्या यांत गेली. बॅले करतो म्हणून शाळेत पोरं चिडवायची, ते वेगळंच. 28 जून 2008 ला व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरमध्ये तो पहिल्यांदा उभा राहिला, तोही बिलीचा मित्र मायकल म्हणून. बिली त्याला मिळाला 8 सप्टेंबरला.

इथे एक सरमिसळ नेहमी होते. 2000 सालच्या ‘बिली इलियट’ सिनेमातला मुलगा म्हणजे जेमी बेल, टॉम तेव्हा चार वर्षांचा. त्याने केली ती एल्टन जॉनच्या संगीताची रंगमंचीय आवृत्ती. तीही एकट्याने नव्हे. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलाला व्यावसायिक प्रयोगात उभं करायचं तर स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो आणि कामाच्या तासांना मर्यादा असते. शिवाय ही भूमिका मोठ्या माणसाचाही घाम काढणारी. त्यामुळे एकाच वेळी तीन-चार बिली आळीपाळीने प्रयोग करायचे. नाचणं, गाणं आणि वर डरहमच्या खाणकामगाराच्या पोराची उत्तरेकडची बोली. लंडनकडच्या मुलाला ती शिकून घ्यावी लागते. मे 2010 पर्यंत त्याने हे केलं. नट म्हणून त्याची शाळा हीच, असं मला वाटतं.

स्पायडरमॅन हा त्याचा पहिला सिनेमा, ही समजूत सहज निकालात निघते. 2010 मध्येच, चौदाव्या वर्षी, तो हुआन अंतोनियो बायोनाच्या ‘द इम्पॉसिबल’च्या चित्रीकरणाला लागला. 2004 च्या त्सुनामीत थायलंडमध्ये सापडलेल्या एका स्पॅनिश कुटुंबाची ही खरी गोष्ट, पडद्यावर ते कुटुंब ब्रिटिश झालं. लाटेची दृश्यं स्पेनमधल्या अलिकांतेत, प्रचंड पाण्याच्या टाकीत घेतली. नेओमी वॉट्स जखमी आई आणि हा तिला ओढत नेणारा मोठा मुलगा. ज्यांनी फक्त लाल-निळ्या पोशाखातला टॉम पाहिलाय त्यांनी हा सिनेमा आधी पाहावा. अमेरिकेच्या नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूने 2012 साली त्याला उल्लेखनीय पदार्पणाचा पुरस्कार दिला.

एवढं होऊनही पुढे सगळं सरळ झालं नाही. ‘हाऊ आय लिव्ह नाऊ’, बीबीसीची ‘वुल्फ हॉल’ मालिका, रॉन हॉवर्डचा ‘इन द हार्ट ऑफ द सी’ अशी कामं आली, पण मध्येच चाचण्यांमागून चाचण्या फुकट गेल्या. तेव्हा आईने त्याला कार्डिफला सुतारकाम शिकायला धाडलं. हातात एखादा धंदा असावा, हा विचार मराठी आईला समजावून सांगायची गरज नाही. ‘तो आधी सुतार होता’ हे मात्र अतिशयोक्त. तो काही आठवड्यांचा अभ्यासक्रम होता.

‘पहिला ब्रिटिश स्पायडरमॅन’ हेही जपूनच म्हणावं. आधीचा अँड्र्यू गारफिल्ड जन्मला लॉस एंजेलिसला, पण वाढला इंग्लंडात.

आणि ती एक रात्र? निवड चालली काही महिने. घरून पाठवलेल्या चित्रफिती, मग रॉबर्ट डाउनी ज्युनियरसमोर चाचणी, मग ख्रिस इव्हान्ससमोर. जून 2015 मध्ये निकाल लागला, तो कळवणारा फोन आधी आलाच नाही. मार्व्हलची घोषणा टॉमने इतर लोकांसारखीच इन्स्टाग्रामवरून कळून वेबसाइटवर वाचली. तो ओरडत घरभर धावला. भाऊ हॅरीचा विश्वासच बसेना. त्याचं म्हणणं, कुणीतरी साइट हॅक केली असणार. काही महिन्यांपूर्वी स्पायडरमॅनचे सिनेमे काढणाऱ्या सोनीच्या संगणकांवर मोठा हल्ला झाला होता, त्यामुळे शंका अगदीच वेडगळ नव्हती.

‘होमकमिंग’ या स्पायडरमॅनच्या सिनेमाआधी अमेरिकन शाळा कशी असते ते कळावं म्हणून तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्समध्ये खोट्या नावाने, अमेरिकन उच्चार करत काही दिवस बसला. मी स्पायडरमॅन आहे, असं त्याने तिथे खरं सांगूनही पाहिलं. मुलांनी त्याला वेड्यात काढलं.