घरच्या वापराला कोणता कांदा लावावा?

घरापुरता कांदा लावायचा म्हणून दुकानात मिळेल ती बियाण्याची पुडी उचलली, की फसगत ठरलेली. कांदा आधी हंगाम पाहतो, मग माती. दिवस किती तासांचा आणि थंडी किती, यावर गड्डा धरणं अवलंबून असतं. युरोपातल्या लांब दिवसांच्या जाती आपल्याकडे नुसती पात वाढवतात. आपले वाण कमी दिवसांचे, पण त्यांतही पावसाळी आणि उन्हाळी असा भेद आहेच. रब्बीचा वाण पावसाळ्यात लावला तर गड्डे नीट पोसत नाहीत. खरिपाचा वाण रब्बीत लावला तर डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आणि जोडकांदे वाढतात.

हंगाम ठरला की स्वयंपाकघराकडे वळावं. कांदा कापला की पेशी फुटतात, त्यातलं विकर गंधकाच्या संयुगांवर काम करतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो. शिजवताना हे विकर निकामी होतं, म्हणून कच्चा तिखट लागणारा कांदाही परतल्यावर गोड लागतो. तेव्हा कच्चा खायचा कांदा सौम्य हवा; फोडणी-वाटणाचा तिखट असला तरी बिघडत नाही, उलट चव खुलते.

वाटणाला कांदा अख्खा विस्तवावर भाजून पाहावा. उन्हाळी कांद्याची वरची सालं काळी पडतात, आतला गर मऊ होतो, पण घट्ट राहतो. तो खोबऱ्याबरोबर वाटला की रस्सा दाट होतो. पावसाळी कांद्यात पाणी जास्त. तो भाजताना चरचरतो, पाणी सोडतो आणि वाटण पातळ होतं. भज्यांचंही तसंच, घट्ट कांद्याच्या पातळ चकत्या कुरकुरीत होतात.

म्हणून वर्षभराची भिस्त रब्बीवर ठेवावी. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा एन-२-४-१ हा त्यातला जुना, खात्रीचा वाण. विटकरी रंगाचा, मध्यम गोल आणि हवेशीर जागी पाच-सहा महिने टिकणारा. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे भीमा किरण आणि भीमा शक्ती हेही चांगले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोप टाकायचं, आठ-नऊ आठवड्यांनी लावायचं, एप्रिल-मेमध्ये काढायचं.

खरिपात बसवंत-७८० किंवा फुले समर्थ लावावा, पण थोडाच. गडद लाल आणि रसरशीत असला तरी साठवणीला उपयोगाचा नाही. भाकरीबरोबर बुक्कीने फोडून खायला, पातीच्या झुणक्याला तो पुरेसा.

पांढऱ्या कांद्यात अलिबागचा वेगळाच. भात निघाल्यावर त्याच शेतात घेतला जाणारा हा कांदा सौम्य आणि गोडसर असतो, वेण्यांमध्ये गुंफून विकला जातो. त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोशिंबिरीला याच्यासारखा कांदा नाही. मात्र दुसरीकडे लावून तीच गोडी येईल, असं मी म्हणणार नाही. मातीतल्या गंधकावर तिखटपणा बराच ठरतो.

चांगला वाणही काढणीत बिघडतो. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावं, निम्म्या माना पडल्या की उपटावा. तीन-चार दिवस पातीसकट शेतातच राहू द्यावा, पण एकाची पात दुसऱ्याच्या गड्ड्यावर येईल असा पसरून. मग दोन बोटं मान ठेवून पात कापावी आणि कांदा सावलीत सुकवावा. जाड मानेचे, जोड आणि डेंगळ्याचे कांदे बाजूला काढून आधी वापरावेत, ते साठवणीत पहिले सडतात.

बियाणं मात्र ताजंच घ्या. कांद्याच्या बियांची उगवणशक्ती वर्षभरातच झपाट्याने घटते, म्हणून पुडीवरची तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.