विसर्जन नेमकं कशाचं?

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली की गिरगाव चौपाटीवर आणि दादरच्या किनाऱ्यावर तुटलेले हात, मुकुटाचे तुकडे, काथ्याचे पुंजके उघडे पडतात. स्वयंसेवक ते वेचत असतात. तरीही ऐकू येतं, "समुद्र एवढा मोठा, सगळं विरघळतं."

विरघळत नाही. पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाणी घालून साच्यात ओतलं की ते पुन्हा जिप्समच होतं. लिटरभर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, तेही सावकाश. वर रंगाचा थर, त्यात कधी शिसं, क्रोमियम. आणि चौपाटीसमोर आहे तो उथळ उपसागर; भरती तुकडे परत आणून टाकते.

शाडूची घेतली की काळजी मिटली, हेही अर्धंच खरं. शाडू पाण्यात सुटतो, पण तळाशी गाळ होऊन बसतो. म्हणून घरची बिनरंगी मूर्ती बादलीत विरवून तीच माती पुढच्या वर्षी वापरणं मला सर्वांत चांगलं वाटतं.

"हौदातलं विसर्जन शास्त्राला धरून नाही," असं म्हणणाऱ्यांनी पार्थिव पूजेचा क्रम आठवावा. प्राणप्रतिष्ठेने मातीत देवत्व येतं. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की देवाला निरोप दिला जातो. त्यानंतर पाण्यात जाते ती माती. ती समुद्रात गेली काय नि बादलीत, पूजेत उणेपणा कुठला?

उंच मूर्ती हीच मुंबईची मूळ रीत, असंही नाही. गिरगावात केशवजी नाईक चाळीत 1893पासून गणपती बसतो. तिथली मूर्ती आजही लहान आणि मातीचीच असते.

पीओपीवर सरसकट बंदी आहे, हा समजही चुकीचा. जून 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला मुभा दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जन मात्र नाकारलं. जुलैत सहा फुटांवरच्या मूर्तींना मार्च 2026पर्यंत सवलत मिळाली. त्याखालच्या कृत्रिम तलावात. म्हणजे लालबाग-परळच्या उंच मूर्ती समुद्रातच गेल्या.

लहान मूर्तींना निदान एक वाट आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलेल्या पद्धतीत अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात पीओपीचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि उरलेल्या पाण्यातलं अमोनियम सल्फेट झाडांना खत म्हणून चालतं. वीस फुटांच्या मूर्तीसाठी अशी बादली कुठून आणायची?