धान्य हवं तर झियांगला गाठा

१९५९ च्या सुरुवातीला दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात चाळिशीला टेकलेले एक कम्युनिस्ट पक्षनेते गावोगाव दडवलेलं धान्य हुडकत होते. धान्य भरपूर आहे, शेतकऱ्यांनी लपवलंय, असा त्यांचा अहवाल. चीनचे सर्वेसर्वा माओ यांनी तो वाखाणला. पुढच्या दोन-तीन वर्षांत चीनमध्ये कोट्यवधी माणसं उपासमारीने मेली. हे नेते म्हणजे झाओ झियांग. त्यांना सुधारक म्हणून डोक्यावर घेणारे हा अध्याय सहसा गाळतात. मला तर त्यांची पुढची कारकीर्द इथूनच उलगडते.

दुष्काळाने हादरलेल्या झाओंनी १९६२ च्या सुमारास जमीन कुटुंबांना कसायला देण्याचे प्रयोग सुरू केले. पुढे माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत कागदी टोपी घालून त्यांचीच धिंड निघाली आणि हुनानमधल्या एका कारखान्यात फिटरचं काम नशिबी आलं. परत बोलावणं आल्यावर १९७५ मध्ये त्यांना सिचुआन मिळालं. त्या उपासमारीत सर्वाधिक माणसं गमावलेल्या प्रांतांपैकी हा एक. झाओंनी शेतकऱ्याला खासगी तुकडा वाढवून दिला, जोडधंद्यांना मोकळीक दिली. १९७८ मध्ये सहा कारखान्यांना जादा नफ्यातला काही वाटा स्वतःकडे ठेवायची मुभा मिळाली. अवघ्या काही वर्षांत लोकांच्या तोंडी यमक बसलं: धान्य हवं तर झियांगला गाठा. झडत्या घेणाऱ्याच्या वाट्याला अशी म्हण यावी!

१९८० मध्ये ते पंतप्रधान झाले आणि १९८७ मध्ये पक्षाचे सरचिटणीस. चीन अजून समाजवादाच्या ‘प्राथमिक अवस्थेत’ आहे, हे सूत्र त्यांनी १९८७ च्या अधिवेशनात मांडलं. ऐकायला रुक्ष, पण त्याचा अर्थ असा की देश गरीब आहे तोवर बाजार आणि खासगी धंदा हे पाप नव्हे. या सुधारणांचं श्रेय जग तेव्हाचे सर्वोच्च नेते डेंग झियाओपिंग यांना देतं. छत्र त्यांचं होतंच, पण रोजचा गाडा झाओ हाकत होते.

चुकलेही. १९८८ मध्ये भावांवरचं नियंत्रण उठणार ही बातमी फुटताच लोक बँकांतून पैसे काढून मिळेल ते साठवू लागले. महागाई १८ टक्क्यांच्या वर गेली आणि झाओंचं वजन घटलं. त्यात पुढच्या वर्षी बीजिंगच्या तिआनानमेन चौकात लोकशाहीची मागणी करत विद्यार्थी जमले. १७ मे १९८९ रोजी डेंग यांच्या घरच्या बैठकीत लष्करी कायद्याचं ठरलं. झाओंनी विरोध केला. १९ मेच्या पहाटे ते भोंगा हातात घेऊन चौकात गेले. आम्हाला यायला फार उशीर झाला, असं ते विद्यार्थ्यांना म्हणाले. शेजारी वेन जियाबाओ उभे होते, जे पुढे पंतप्रधान झाले. झाओ त्यानंतर लोकांसमोर आलेच नाहीत.

या विरोधाची किंमत म्हणून बीजिंगच्या एका गल्लीतल्या घरात ते पंधरा वर्षांहून अधिक काळ नजरकैदेत राहिले. तिथेच बालगीतांच्या आणि पेकिंग ऑपेराच्या सुमारे ३० कॅसेटींवर त्यांनी गुपचूप आपल्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. बाजारासोबत शेवटी संसदीय लोकशाहीच हवी, असा त्यांतला निष्कर्ष. सत्तेत असताना ते इतकं स्पष्ट कधी बोलले नव्हते. मित्रांकरवी या कॅसेटी बाहेर गेल्या आणि २००९ मध्ये त्यांचं पुस्तक झालं.

झाओ १७ जानेवारी २००५ रोजी वारले. अस्थी मात्र घरीच राहिल्या. बीजिंगबाहेरच्या एका खासगी दफनभूमीत त्यांना जागा मिळाली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये.