फिलिपाइन्सची क्रीडाकन्या

प्रशांत महासागराच्या पश्चिम कडेला हजारो लहानमोठ्या बेटांचा मिळून झालेला फिलिपाइन्स हा देश आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली क्रिकेट चालते, तसा तेथे बास्केटबॉल चालतो. घराची भिंत असो वा नारळाचे झाड असो, जागा मिळेल तेथे लोखंडी कडे ठोकावे आणि खेळास आरंभ करावा, अशी तेथील मुलांची रीत आहे.

हा खेळ तेथे अमेरिकन लोकांनी नेला. १९१० साली तो शाळांतून शिकविला जाऊ लागला, तो मुख्यतः मुलींचा खेळ म्हणून! परंतु मुलींनी आखूड पोशाख करून मैदानावर धावावे, हे पुष्कळांना रुचले नाही. हळूहळू मुली मागे पडल्या आणि खेळ पुरुषांचा झाला. १९५४ साली जागतिक स्पर्धेत फिलिपाइन्सच्या पुरुषांनी तिसरा क्रमांक पटकावला. स्त्रियांच्या खेळाकडे मात्र फारसे कोणी पाहीना. ही उपेक्षा ज्या खेळाडूंनी दूर केली, त्यांत जॅक डॅनिएल अ‍ॅनिमम हिचे नाव अग्रभागी आहे.

जॅकचा जन्म १९९८ सालचा. ती मनिलाच्या उत्तरेस असलेल्या मालोलोस या शहराची. याच मालोलोसच्या वीस तरुणींनी १८८८ साली, आम्हांस शिकण्यासाठी रात्रीची शाळा काढू द्यावी, असा अर्ज स्पॅनिश गव्हर्नर जनरलच्या हाती दिला होता. अशा धीट स्त्रियांचा वारसा त्या शहराला आहे.

जॅकची उंची सहा फूट पाच इंच आहे. बास्केटबॉलमध्ये कडे जमिनीपासून दहा फूट उंचीवर असते. म्हणून उंच खेळाडूला कड्याजवळ उभे करतात. नेम चुकून परत आलेला चेंडू झेलणे, प्रतिपक्षाचा चेंडू अडविणे आणि गर्दीतून वाट काढून गुण मिळविणे ही तिची कामे होत. यासाठी केवळ उंची पुरत नाही. चेंडू कोठे पडेल याचा अचूक अंदाज आणि धक्के सोसण्याची ताकद लागते.

मनिलातील नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संघातून जॅक पाच वर्षे आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळली. या पाच वर्षांत तिच्या संघाने ऐंशी सामने खेळले आणि ऐंशीही जिंकले! २०१९ च्या सप्टेंबरात आपल्या बंगळूर शहरी झालेल्या आशियाई स्पर्धेत फिलिपाइन्सने भारतीय संघाला हरवून वरच्या श्रेणीतील स्थान राखले, तेव्हाही ती संघात होती. त्याच वर्षी डिसेंबरात मनिला महानगरात आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत फिलिपाइन्सच्या स्त्रियांनी थायलंडचा ९१–७१ असा पराभव केला. या स्पर्धांत बास्केटबॉलचे सुवर्णपदक त्या देशाच्या स्त्रियांना पूर्वी कधीच मिळाले नव्हते.

एवढे यश मिळाले, तरी पुढे काय हा प्रश्न होताच. पुरुष खेळाडूंना मायदेशी खेळावर चरितार्थ चालविता येई. स्त्रियांना तशी स्थिर सोय नव्हती. म्हणून जॅकने परदेशची वाट धरली. तैवानमध्ये तिने शिह शिन विद्यापीठाच्या संघाला २०२१ साली अजिंक्यपद मिळवून दिले. त्यानंतर ती युरोपातील सर्बिया देशात व्यावसायिक खेळाडू म्हणून गेली. परंतु तेथे लवकरच तिच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. मांडीचे व नडगीचे हाड एकत्र बांधून ठेवणारा स्नायुबंध तुटला. अशी दुखापत झाली की बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते आणि मग पाय वाकविण्यापासून सारे पुन्हा शिकावे लागते. २०२२ च्या मे महिन्यात तिच्या सहकारिणींनी व्हिएतनाममध्ये सुवर्णपदक राखले, तेव्हा जॅक मैदानाबाहेर होती.

तिने धीर सोडला नाही. रोजचा कंटाळवाणा व्यायाम तिने नेटाने केला. ती पुन्हा उभी राहिली, चीनमध्ये खेळली आणि २०२३ साली सिडनी येथील आशियाई स्पर्धेत देशासाठी पुन्हा मैदानात उतरली. फिलिपाइन्सला तेथे सहावे स्थान मिळाले.

ऐंशी विजय मिळविणाऱ्या खेळाडूचे कौतुक सारेच करतात. पण जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा परमुलखात जाणे, तेथे जायबंदी होणे आणि तरीही खेळ न सोडणे, यांत तिची खरी कसोटी लागली. एके काळी ज्या खेळातून मुलींना मागे सारले गेले, तोच खेळ आज फिलिपाइन्समधील मुली पुन्हा आपला म्हणून खेळत आहेत.