मुंगळ्याची राणी

ऐका पोरांनो. नवतपात भाजून निघालेल्या आपल्या नागपूरवर एकदाचा पाऊस कोसळतो, माती मऊ होते आणि मुंगळ्यांच्या बिळात लगीनघाई सुरू होते. कामकरी मुंगळे दार मोकळं करतात. आतून पंखवाल्या राण्या निघतात, पंखवाले नर निघतात. एकाच सुमाराला अनेक बिळांतून वऱ्हाड उडतं, त्यामुळे या बिळातल्या राणीला त्या बिळातला नर भेटतो. लग्न लागलं की राणी माहेरी परत जात नाही. जमिनीवर उतरते, मागचा पाय पंखावर टाकते आणि खाली दाबते. पंख मुळाशी जिथं तुटायचा तिथंच तुटतो. एक झाला की दुसरा. चारही टाकून ती ओल्या मातीत जागा शोधायला लागते.

"म्हणजे आबा, दिव्याखाली पडून राहिली ती सगळी पाखरं राण्याच?"

नाही रे. पहिल्या पावसात दिव्याखाली ढिगानं पडते ती बहुतेक उधई. तिचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान. कंबर बारीक आणि मिशा मधेच कोपरासारख्या वाकलेल्या. त्यातला नर ओळखायचा तो किडकिडीत अंगावरून आणि एवढ्याशा डोक्यावरून. राणी मात्र चांगली भरलेली. आपल्या काळ्या मुंगळ्याची, म्हणजे फॅब्रिशियसनं 1787 साली नोंदवलेल्या कॅम्पोनोटस कॉम्प्रेससची राणी, दीड सेंटीमीटरच्या पुढेच भरते.

पंख टाकलेली राणी आणि मोठा कामकरी मुंगळा, यात भलेभले फसतात. दोघांची पाठ बघा. कामकऱ्याचं डोकं दांडगं, पण पाठ बारीक. राणीची पाठ फुगीर, कारण पंख हलवणारे स्नायू तिथं असतात. भिंगातून पाहिलं तर दोन्ही बाजूंना पंख तुटल्याच्या खुणाही दिसतात.

अशी राणी सापडली तर एक टेस्ट ट्यूब घ्या. तळाशी तिसरा हिस्सा पाणी. त्यावर कापसाचा बोळा घट्ट सारायचा, पाण्याला टेकून ओला होईल इतका. मग राणीला आत सोडायचं आणि तोंडाला कोरड्या कापसाचा बोळा लावायचा. हवा येते, ओल राहते, राणी बुडत नाही. नळी आडवी ठेवा, काळ्या कागदात गुंडाळा आणि कपाटात ठेवून द्या. खिडकीत नको, उन्हानं आत भट्टी होते.

"खायला काय द्यायचं?"

काहीच नाही.

"काऊन आबा? मरून जाईल ना ती!"

नाही मरत. माहेरून आणलेली शिदोरी तिच्या पाठीत असते. पंख गेले, आता उडायचे स्नायू काय कामाचे? तेच विरघळतात. त्यावर आणि पोटातल्या चरबीवर ती जगते, अंडी घालते, अळ्यांना तोंडातून भरवते. अळ्या स्वतःभोवती कोश विणतात. महिना-दीड महिन्यात पहिल्या लेकी बाहेर येतात. शिदोरी तुटपुंजी, म्हणून त्या अंगानं बारक्याच राहतात. तुम्ही रोज नळी उघडून पाहिलीत, हलवलीत, तर घाबरलेली राणी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. आठवड्यातून एकदा, हळूच पाहायचं. सगळ्याच जातींच्या राण्या असा उपास करत नाहीत. काहींना पिल्लांसाठी शिकारीला बाहेर जावं लागतं. म्हणून जात आधी ओळखायची.

लेकी आल्या की साखरपाण्याचा थेंब आणि मारलेल्या डासाचा तुकडा द्या. गोडाची त्यांना भारी आवड. बाभळीच्या फांदीवर शिंगाळे किडे रस पीत बसलेले असतात. मुंगळा मिशांनी त्यांना थोपटतो, किडा गोड थेंब सोडतो आणि मुंगळा तो पिऊन टाकतो.

बीळ खणून मात्र राणी काढायची नाही. राणी गेली की नव्या लेकी जन्मणं थांबतं आणि सारं घराणं हळूहळू संपतं. आणि हौस महिनाभराची नाही, हे ध्यानात ठेवा. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसाकडे 28 वर्षांहून जास्त जगली. इतकं निभत नसेल तर जिथं सापडली तिथंच सोडून या.

"अन् आबा, राजा?"

नर लग्नानंतर लवकरच मरतो. त्याचं बीज राणी पोटातल्या पिशवीत जन्मभर सांभाळते. अंड्याला ते बीज मिळालं तर मुलगी होते, नाही मिळालं तर मुलगा. म्हणजे मुंगळ्याच्या नराला बापच नसतो.

"बिचारा! त्याला आईशिवाय कोणीच नाही?"

असं कसं? त्याची आई कोणाची तरी लेक आहेच ना. बाप नसला तरी त्याला आजोबा असतात!