सर्व्हर, तुला काय काय येतं रे?

मिरज जंक्शनवर एके काळी तीन मापांचे रूळ होते. पुणे-कोल्हापूरचं ब्रॉडगेज, लोंढ्याकडे जाणारं मीटरगेज आणि पंढरपूरमार्गे कुर्डुवाडी-लातूरकडे जाणारं ७६२ मिलिमीटरचं चिमुकलं नॅरोगेज. पंढरपूरकडून आलेलं पोतं कोल्हापूरला जायचं, तर मिरजेत हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी नेणारी ‘जलदूत’ मिरजेहून थेट धावली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. तोवर ती लाइन ब्रॉडगेज झाली होती म्हणून हे जमलं. नॅरोगेजच्या जमान्यात त्याच वाघिणी मिरजेच्या पुढे इंचभरही सरकल्या नसत्या.

रुळाचं माप निदान डोळ्यांना दिसतं. सर्व्हरचं दिसत नाही. म्हणूनच माल पाठवण्याआधी विचारावं लागतं, ‘बाबा रे, तू काय काय घेतोस?’ नेटवर्कवर फाइल ठेवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमचा हा पहिला प्रश्न असतो, म्हणजे असायला हवा.

आता तुमची गोष्ट. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालात, शनिवारी सकाळी मिरजेच्या घरी चहा झाला, लॅपटॉप उघडला आणि ऑफिसचं शेअर्ड फोल्डर जोडलं. फाइल दिसते, उघडते, पण सेव्ह काही होत नाही! तुम्ही नेटला शिव्या घालता. बिचाऱ्या नेटचा इथे काही दोष नसूही शकतो.

अनेक ऑफिसांत असं फोल्डर ‘वेबडॅव्ह’ नावाच्या भाषेत बोलतं. ब्राउझर ज्या एचटीटीपीवर चालतो, त्यातच फाइल लिहिणं, हलवणं, फोल्डर बनवणं अशी कामं जोडणारं हे मानक १९९९ मध्ये आलं, २००७ मध्ये सुधारलं गेलं. नेक्स्टक्लाउडसारखी आजची मंडळीही ते वापरतात. या भाषेत ‘ऑप्शन्स’ नावाची एक विनंती आहे. ती कुठली फाइल मागत नाही की पाठवत नाही, फक्त चौकशी करते. उत्तरात सर्व्हर आपली इयत्ता सांगतो. ‘१’ म्हणजे मूलभूत कामं येतात. ‘२’ म्हणजे कुलूपही लावता येतं. शिवाय ‘अलाऊ’ या ओळीत कोणकोणत्या विनंत्या चालतील, त्यांची यादी.

कुलपाचं महत्त्व ऑफिसात काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तुम्ही आणि पलीकडच्या टेबलवरची सहकारी, दोघांनी एकच बजेटची शीट उघडली. तिने सव्वाअकराला सेव्ह केली, तुम्ही साडेअकराला. तिचा तासाभराचा घाम गायब, आणि स्क्रीनवर एरर म्हणाल तर एकही नाही. मॅकचा फाइंडर म्हणूनच ताठर वागतो. सर्व्हरच्या उत्तरात ‘२’ नसेल, तर तो फोल्डर जोडतो, पण फक्त वाचण्यापुरतं. शनिवारी सेव्ह न होण्यामागे हेही कारण असू शकतं. मला विचाराल तर फाइंडरचं बरोबर आहे. चिडचिड होते, पण काम वाचतं.

प्रोग्रॅमरला ही चौकशी स्वतः हाताने लिहायची गरज नसते. त्यासाठी तयार लायब्ररी असतात. सी भाषेतली ‘नियॉन’ ही त्यातली जुनी आणि भरवशाची. जो ऑर्टन यांनी लिहिलेली ही लायब्ररी लिनक्समध्ये वेबडॅव्ह फोल्डर जोडणारं डॅव्हएफएस-२ हे सॉफ्टवेअर वापरतं. तिला पत्ता द्यायचा आणि विचारायचं. ती सर्व्हरशी बोलून पहिली इयत्ता आहे का, दुसरी आहे का, हे हो-नाहीमध्ये हातात ठेवते. फंडा सोपा आहे, मेख मात्र पत्त्यात आहे. सर्व्हर एकच असला तरी त्याच्या दोन फोल्डरांची उत्तरं वेगळी असू शकतात. संपूर्ण सर्व्हरसाठी म्हणून प्रश्न केलात आणि ‘२’ आला, तर त्याचा अर्थ कुठे तरी कुलूप लागतं, एवढाच. तुमच्या फोल्डरला लागतं असं नव्हे. स्टेशनच्या चौकशी खिडकीवर ‘इथून पंढरपूरची गाडी सुटते’ हे कळतं, पण तुम्ही उभे आहात त्या फलाटावरून सुटते का, ते फलाटावरच बघायचं. फाइल जिथे ठेवायची, त्याच पत्त्यावर विचारा.

आणि उत्तर आलं तरी डोळे मिटून बसू नका. ते सर्व्हरचं स्वतःविषयीचं म्हणणं आहे. मधे एखादा प्रॉक्सी बसला असेल आणि त्याला कुलपाची विनंती ओळखू येत नसेल, तर तो ती अडवू शकतो. ‘लिहिता येतं’ याचा अर्थ ‘तुला लिहायची परवानगी आहे’ असाही नाही. ती नसेल तर ४०३ येतो. जागा संपली असेल तर ५०७. किती जागा उरली, हा तर वेगळाच प्रश्न, त्यासाठी २००६ मध्ये वेगळं मानक आलं. चांगला प्रोग्रॅम आधी विचारतो आणि नंतर प्रत्येक उत्तराचा नंबरही वाचतो.

बजेटची शीट परत करता येते. मिरजेत याहून महागडा माल नेटवर्कवरून जातो. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी इथे हॉस्पिटल उभं केलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आज जत, अथणीपासून पेशंट इथे येतात. स्कॅनच्या जगात ‘डायकॉम’ हे मानक चालतं. सीटी मशीन इमेज साठवणाऱ्या सर्व्हरला फोन लावल्यासारखं जोडून घेतं आणि आधी यादी वाचतं: सीटीची इमेज घेणार? एमआरआयची? अशी दाबलेली चालेल की न दाबलेली? एका जोडणीत असे १२८ प्रस्ताव मांडता येतात आणि सर्व्हर प्रत्येकाला वेगळा होकार किंवा नकार देतो. दाबलेली नको म्हणाला, तर पाठवणाऱ्याने इमेज उलगडून साध्या रूपात द्यायची. तो प्रकारच घेत नाही म्हणाला, तर ती इमेज जागची हलत नाही.

डायकॉममध्ये ‘एको’ नावाची एक छोटी चाचणीही आहे. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या डीसीएमटीके या मोफत संचात तिच्यासाठी स्वतंत्र टूल मिळतं. नवं मशीन जोडलं की पहिल्यांदा एको करायचा. हिरवा सिग्नल मिळाला की सगळे खूश. पण एको फक्त ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ एवढंच विचारतो. ‘ही इमेज ठेवून घेशील का?’ हा प्रश्न त्यात नाहीच. एको पास आणि एमआरआय नापास, असं सहज होऊ शकतं, आणि ते कळतं डॉक्टर इमेज उघडायला बसतात तेव्हा. त्यामुळे मशीन सुरू करायच्या दिवशी एकोवर न थांबता प्रत्येक प्रकारची एक चाचणी इमेज खरोखर पाठवायची, आणि ती पलीकडच्या स्क्रीनवर उघडून बघायची. अर्ध्या तासाचं काम आहे. अथणीहून पहाटेच्या एसटीने निघालेला पेशंट येण्याआधी उरकतं.